मीठ सांगणारीचं तोंड आलं

१८ नोव्हेंबर

दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. काय खाल्लं, झोप झाली का, तोंडात फोड कधी आला, कुठे आला. पुढच्या वेळी वही घेऊन या. म्हणून हा उपद्व्याप. वही म्हणजे मच्छीमार सोसायटीची गेल्या वर्षीची डायरी, उमेशला, माझ्या नवऱ्याला, फुकट मिळालेली. वार जुळत नाहीत, पण तोंड वार बघून थोडंच येतं.

आज तीन. एक जिभेच्या शेंड्यावर, एक खालच्या ओठाच्या आत, एक डाव्या गालाला. पावसाळ्यापासून हेच चाललंय. एक बरा होतो न होतो तोच दुसरा हजर. बाईंनी दात तपासले, रक्त घेतलं, एक जेल दिलं. म्हणाल्या, "जेवायच्या आधी बोटाने लावा, आग कमी होईल. थोडा वेळ तोंड बधिर होतं, घाबरू नका."

खाल्लं: दूधभात. बोंबलाचं आंबट केलं ते बाकीच्यांसाठी. उमेशने एक घास घेतला आणि विचारलं, "वर्षा, मीठ घालायला विसरलीस काय?"

मीठ! मला विचारतो! अख्ख्या धाकटी डहाणू गावाला माहीत आहे, आमच्या बचत गटाची मीठ सांगणारी मी. सुक्या जवळ्याची चटणी तयार झाली की सकाळी चहा न घेता, निरशा तोंडाने एकीने चिमूटभर जिभेवर ठेवायची आणि सांगायचं, बरोबर, नाहीतर घाला अजून. तिने हो म्हटल्याशिवाय एक पुडी बांधत नाहीत. आधी हे काम सासूबाईंकडे होतं, त्यांनी सगळ्यांसमोर माझ्याकडे दिलं. लग्नात घातलेल्या पाटल्यांपेक्षा मला ते मोठं वाटलं होतं. आता जिभेवर पाणी टेकत नाही, तर मीठ काय सांगणार. गटात अजून कोणाला बोलले नाही.

तेवढ्यात पलीकडून हेतल वाटी घेऊन आली. तिने बांगडा तळला होता. उमेशने तीन तुकडे खाल्ले आणि वर बोटं चाटली. माझ्यासमोर.

हेतल म्हणजे माझी धाकटी जाऊ. नयनने, माझ्या दिराने, तीन वर्षांपूर्वी गुजरातेतल्या नारगोलहून करून आणली. घर एक, चुली दोन. एवढी गोरी की लग्नाच्या मांडवात मामेसासूबाई आमच्या सासूबाईंना मोठ्याने म्हणाल्या, "सोनूबाई, थोरली तवा आणि धाकटी साय, बरा जोडा जमवलास गं!" सगळे हसले. मी पण हसले. त्या दिवशी मी अबोली नेसले होते. ती साडी परत काढली नाही.

हे डॉक्टरीणबाईंना दाखवण्यासारखं नाही. त्यांना वेगळं उतरवून देईन.

२२ नोव्हेंबर

रिपोर्ट आला. व्हिटॅमिन डी नऊ. रक्तही कमी.

बाईंनी चष्मा वर केला. "तुम्ही मासे सुकवता ना हो?"

"हो. सकाळपासून दुपारपर्यंत किनाऱ्यावरच."

"रोज उन्हात, आणि डी नऊ? निदान तीस तरी हवं."

किनाऱ्यावर मी कशी जाते ते सांगितलं नाही. उमेशचा फुल बाह्यांचा शर्ट, हातात मोजे, पायात मोजे, स्कार्फ असा की नुसते डोळे दिसतात. बायका मला डाकूराणी म्हणतात. म्हणू देत. तवा तर तवा, पण अजून करपायचं नाही मला.

मी विचारलं, डीमुळेच तोंड येतं का? त्या म्हणाल्या, तसं छातीठोक नाही सांगता येत. कोणाचं डी कमी असतं, कोणाचं रक्त, कोणाचा दात घासतो, कोणाला झोप नाही, कोणाच्या मनाला ताप असतो. डी भरून काढू, ते हाडांना हवंच आहे. तोंडाचं वहीवरून बघू. आठवड्याला एक पावडरची पुडी दुधातून, रक्ताच्या गोळ्या, आणि सकाळच्या उन्हात हातपाय उघडे टाकून बसायचं.

मनाला ताप म्हणे! मला कसला ताप? नवरा दारूला शिवत नाही, मुलं शाळेत जातात, बोट घरची. ताप असेल तर तिकडे, पलीकडच्या चुलीला.

२७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. घरात मासळी नाही, तिखट नाही. तोंडाला आराम. ओठाचा बसला, जिभेचा अजून आहे.

सासूबाईंना डॉक्टरांचं पटलेलं नाही. "तोंड येतं ते उष्णतेनं. आणि वर ऊन खा म्हणते? कुठली डॉक्टर गं ही?" त्यांनी सब्जा भिजवला, गुलकंद आणला, तोंडली कच्ची चावायला लावली. सगळं केलं. मी शेवटी तोडगा काढला. मागच्या अंगणात पाय तेवढे उन्हात टाकून बसते, बाकी सगळं सावलीत. पायांकडे कोण बघतंय.

बसले होते तर हेतल आली. हातात जाईचा पाला, धुतलेला. "भाभी, हा चावून थुंका. माझ्या मम्मीला याने फरक पडला होता."

मी घेतला. चावला नाही. एवढा कळवळा दाखवायला हिला काय पडलंय? आणि पाला देऊन जाईना. माझ्या शेजारी, म्हणजे सावलीत नाही, उन्हात येऊन बसली, तोंड वर करून, डोळे मिटून. रोज पडवीत खांबाला टेकून चेहरा दाखवत उभी असते तशीच. सासूबाईंनी आतून हाक मारली, "हेतल, आत ये, रंग जाईल." गेली. माझ्या रंगाची हाक कोणी मारत नाही.

५ डिसेंबर

बातमी! फेब्रुवारीत बोर्डीच्या महोत्सवात आमच्या गटाला स्टॉल मिळाला. मुंबईची माणसं येतात, एका दुकानवाल्याने नवशी मावशींना सांगून ठेवलंय की चटणी आवडली तर वर्षभर घेऊ. मावशी आमच्या गटाच्या अध्यक्ष. सगळ्या बायका आपापल्या टोपल्या सोडून नाचायच्या बाकी होत्या.

मावशींनी मला बाजूला घेतलं. "वर्षा, या वेळी मीठ इकडचं तिकडं झालेलं चालणार नाही. आणि तू हल्ली बोलताना ओठ असे का धरतेस?"

"काही नाही. थंडीने फुटलेत."

नवीन फोड नाही. जुना एक. खाल्लं: खिचडी. झोप: बरी.

१२ डिसेंबर

मिरची आणायला तलासरीला गेले. मावशी म्हणाल्या, हेतलला ने, तिची बोली तिकडे चालते. माझी जशी चालत नाही! एवढी वर्षं मीच आणतेय.

एसटीत चढताना बाईने दांडा धरून "आई गं" केलं. उतरताना परत. चालताना दर चार पावलांना थांबायची. "भाभी, जरा हळू ने, पाय भरून येतात." तिच्या प्रत्येक वाक्याला ते गुजराती "ने" लागतंच. घरात बसून पाय भरून येतात? नखरे नुसते. दुकानात शिरलो तर मिरचीवाल्याने माझ्याकडे बघितलंही नाही. "आवो बेन, बेसो," म्हणत तिला स्टूल. मी उभी. तिने मिरचीचं बी दाताखाली धरलं आणि त्याला गुजरातीत सांगितलं की ही गेल्या वर्षीची आहे. तो हसला, आतून दुसरं पोतं काढलं. बरोबर होतं तिचं. मलाही कळलं असतं, पण मिरचीचं बी चावायचं म्हणजे मला निखारा चावण्यासारखं. मी मान हलवली, जणू माझ्याही ते लक्षात आलं होतं.

स्टँडवर शेड रिकामी, तरी ही बाहेर उन्हात उभी. ओढणी पण डोक्यावर नाही. मिरवायचं, दुसरं काय.

तिथे म्हणाली, "भाभी, मला पण किनाऱ्यावर घेऊन चला ने. बोंबील टांगायला शिकवा."

"काळी होशील. आई माझा जीव घेतील."

"होऊ दे ने."

होऊ दे म्हणे. ज्याच्याकडे आहे त्याला होऊ दे म्हणायला काय जातं!

१३ डिसेंबर

दोन नवीन. एक जिभेखाली, शिवण असते तिथे. काल तलासरीला वडापाव खाल्ला, त्याचंच असणार. वडापाव बंद.

२१ डिसेंबर

नवशी मावशी घरी आल्या. उमेश आणि नयन बंदराच्या विरोधातल्या सभेला वाढवणला गेलेले, घरात आम्ही बायकाच. मावशी सासूबाईंना म्हणाल्या, "वर्षाचं तोंड बरं दिसत नाही. बोर्डीपुरतं कोणी दुसरं चाखलं तर?"

आणि सासूबाई, माझ्या स्वतःच्या सासूबाई, ज्यांनी सगळ्यांसमोर ते काम मला दिलं, त्या काय म्हणाव्यात? "हेतलची जीभ चांगली आहे हो."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं पोळपाटावर आपटलं. हेतल दारात उभी होती, ती पटकन म्हणाली, "नको आई, ते भाभीचं काम." किती गोड! नको म्हणायचं आणि हो करून घ्यायचं. मला काय कळत नाही?

गोरी ती. उमेश बोटं चाटतो ती. मिरचीवाला स्टूल देतो ती. आता माझं मीठ पण तिलाच द्या. घर पण द्या, पोरं पण द्या, मी जाते बोटीवर.

मी मावशींना सांगितलं, "माझं तोंड एकदम साफ आहे. मी चाखीन." जीभ दाखव म्हणाल्या असत्या तर मेले असते. तसं म्हणाल्या नाहीत.

२२ डिसेंबर

तीन. झोप नाही. खाल्लं: काल रात्री काहीच नाही. न खाता पण येतात म्हणजे वडापावचा काही संबंध नाही. पावडरचाच असेल. डॉक्टरीणबाईंना विचारते.

६ जानेवारी

आज बोर्डीसाठीच्या चटणीचा पहिला घाणा. गटाच्या खोलीत सगळ्या जमल्या. जवळा भाजून झाला, मिरची, लसूण, सुकं खोबरं कुटून झालं. हेतलला मावशींनी मदतीला बोलावलं होतं. ती कुटत होती, मीठही तीच घालणार होती, मी सांगेन तसं.

मी सकाळी मोरीत जाऊन जेल लावलं. भरपूर लावलं. जिभेला, ओठांना, गालांना. म्हटलं, आग झाली आणि चेहरा वाकडा झाला तर संपलंच. पाच मिनिटांत तोंड असं बधिर झालं की ओठ आहेत का नाहीत कळेना. गेले, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली. काही आग नाही. मी खूश.

"किती?" मावशींनी विचारलं.

मला लागलंच नाही मीठ. म्हटलं, "कमी आहे. घाल."

हेतलने घातलं. परत चाखलं. "अजून घाल."

घातलं. माझ्याकडे बघत राहिली. "भाभी, नक्की ने?"

सगळ्यांच्या देखत मला नक्की विचारते! "मीठ मी सांगते का तू? घाल अजून."

तिने घातलं. मी म्हटलं, "आता बरोबर." मीठ सांगणारी बोलली की कोणी बोलत नाही.

७ जानेवारी

नाही लिहवत. पण लिहिते.

सकाळी पुड्या बांधायच्या आधी मावशींनी भाकरीबरोबर चटणी घेतली. पहिल्या घासाला बाहेर जाऊन थुंकल्या. मग एकेकीने चिमूट घेतली आणि एकेक उठून पाण्याच्या माठाकडे गेली. खाडीचं पाणी गोड लागावं एवढी खारट. मी पण घेतली. आज जेल नव्हतं. सगळे फोड एकदम पेटले, डोळ्यांतून पाणी आलं, सगळ्यांना वाटलं मला वाईट वाटतंय.

"मीठ कोणी घातलं?" मावशींचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मी तोंड उघडलं. परत मिटलं.

"मी घातलं," हेतल म्हणाली.

खोटं नाही बोलली. तिनेच घातलं. पण "भाभीने सांगितलं" एवढं पुढचं तिने म्हटलंच नाही. मी वाट बघत होते की म्हणेल. म्हणाली असती तर मी भांडले असते. ती म्हणाली नाही, आता मी कोणाशी भांडू?

गटातली जिजा हळूच म्हणाली, "वर्षावहिनीने अजून घाल म्हटलेलं की..." मावशींनी तिला गप्प केलं. "एकवीस वर्षं सोनू आणि वर्षा सांगतायत, कधी चुकलंय? ही पोरगी हात सैल सोडते. नको तिला आत." आणि हेतल पदराला हात पुसत गेली.

म्हणजे मी जिंकले. जागा माझी राहिली.

९ जानेवारी

पाच. मोजायला आरशासमोर टॉर्च धरला तर उमेश म्हणाला, आत काय खजिना शोधतेस? बोलले नाही. बोलवत नाही.

चटणी वाचली अर्धीअधिक. कशी, तर आमच्या घरचा बिनमिठाचा जवळा भाजून त्यात घातला, वर खोबरं. हा उपाय कोणी सांगितला? हेतलने. मला नाही, सासूबाईंना सांगितला, सासूबाईंनी मावशींना. मावशी म्हणाल्या, वर्षाचं डोकं बघा कसं चालतं. त्यांना वाटलं मीच. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनीही काही सांगितलं नाही. ह्या घरात सगळ्यांना गप्प बसायचा रोग झालाय.

गटाच्या खोलीला एक खिडकी आहे, तिच्यातून आमची पडवी दिसते. हेतल तिथे खांबाला टेकून दिवसभर आमच्याकडे बघत होती. आधी पण अशीच उभी असायची, मला वाटायचं आपला चेहरा दाखवायला येते. आज चेहरा नव्हता तिचा दाखवण्यासारखा.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ तोंडात धरवला नाही, तीळ टोचतात. पदरात बांधून आणला.

हळदीकुंकवाला आमच्याकडेच बायका जमल्या होत्या. हेतल पाटावर बसून वाणं देत होती. सगळ्या गेल्या आणि ती उठायला गेली तर उठताच येईना. दोन्ही हात जमिनीला टेकले, तरी नाही. मला वाटलं नखरे. मग बघितलं तर दात ओठांत रुतलेले आणि कपाळावर घाम. नयन समुद्रात. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तिला असं अधूनमधून होतं. तेल लावते मी."

"कधीपासून होतं?"

"दिवाळीच्या आधीपासून," हेतल म्हणाली. "तुम्हाला सांगणार होते भाभी, पण तुमचंच तोंड..."

मी तिला काखेत हात घालून उठवलं. वजन काहीच नाही बाईला. एवढी गोरी की हाताच्या निळ्या शिरा दिसत होत्या. तीन वर्षं मी त्या रंगावर जळले, शिरा कधी दिसल्या नव्हत्या.

उद्या डॉक्टरकडे नेते. जायचंच आहे मला, त्यात ती.

१९ जानेवारी

हेतलचा रिपोर्ट. व्हिटॅमिन डी सहा.

माझं नऊ, तिचं सहा. यातही मला मागे टाकलंन!

डॉक्टर वेगळे होते, डहाणू रोडचेच, हाडांचे. त्यांनी विचारलं, उन्हात जात नाही का? हेतल म्हणाली, "घरातून सोडत नाहीत. रंग जाईल म्हणतात." हळू म्हणाली, माझ्याकडे न बघता. डॉक्टर म्हणाले, रंग राहील हो, हाडं राहणार नाहीत. पावडर तीच लिहून दिली.

मग मी माझ्या दाताच्या बाईंकडे गेले, वही म्हणजे उतरवलेला कागद घेऊन. त्यांनी तारखांवर पेनने गोल केले. तेरा डिसेंबर, बावीस डिसेंबर, नऊ जानेवारी. "पावडर सुरू आहे, रक्त वाढलंय, तरी या तारखांना एकदम इतके फोड? आदल्या दिवशी काय झालं होतं?"

"तलासरीला वडापाव खाल्ला होता."

"आणि बावीसला?"

"पोळ्या."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांभोवतीची पट्टी काळी आणि बाकीचा चेहरा फिका, असं कसं हो? चष्मा तर नाही तुम्हाला." हेतल फिस्सकन हसली. मला इतका राग आला, आणि मग मलाच हसू आलं, आणि हसताना ओठाचा फोड ताणला गेला.

एसटीची वाट बघत उन्हात उभ्या होतो. हेतल म्हणाली, "भाभी, तुम्ही किनाऱ्यावर जाता ने, मी पडवीतून बघते. सगळ्या तुम्हाला हाका मारतात. वर्षा हे बघ, वर्षा ते सांग. मला घरात कोणी काही विचारतच नाही. नुसती बसवून ठेवतात, शोकेसमधल्या बाहुलीसारखी. मला तुमचा इतका हेवा वाटतो ने, म्हणून तुमच्यामागे मागे येते."

माझा? माझा हेवा? मी तिला दोनदा विचारलं. एसटी आली तरी मी तशीच उभी. कंडक्टर ओरडला तेव्हा चढले.

३ फेब्रुवारी

काल सासूबाईंशी वाजलं. मी सांगितलं, हेतल उद्यापासून माझ्याबरोबर किनाऱ्यावर येणार. "आणि रंग?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "माझ्यासारखा होईल. मी मेले का?" सासूबाई मिश्री लावत बसल्या. रात्री त्यांनीच तिच्यासाठी जुनी टोपली काढून ठेवली.

आज पहिल्या दिवशी हेतल किनाऱ्यावर आली ती बाह्या वर करून, डोकं उघडं. मी आपली डाकूराणी. जिजा ओरडली, "एक लुटायला आलीय, एक लुटवून घ्यायला!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. हेतल बोंबलाची तोंडं एकात एक अडकवायला शिकली, पण उलटी अडकवते, वाऱ्याने सुटून पडतात. मला फार बरं वाटलं. काहीतरी हिला येत नाही.

घामाने स्कार्फ चिकटला होता. काढला. थोडाच वेळ.

तोंडात एक. लहान.

१२ फेब्रुवारी

बोर्डीचा शेवटचा घाणा आज. उद्या पुड्या बांधायच्या, परवा स्टॉल. दुकानवाला पहिल्याच दिवशी येणार आहे.

तोंड पूर्ण साफ. काल रात्री आरशात बघितलं, जीभ गुलाबी. पावडर म्हणा, ऊन म्हणा, रक्ताच्या गोळ्या म्हणा, मला नाही माहीत. सकाळी चहा न घेता गेले. चिमूट घेतली. सगळं लागलं मला, जवळ्याचा गोडवा, लसूण, मागून मिरची. किती महिन्यांनी! रडायला आलं. मीठ सांगितलं. "बरोबर."

मावशी म्हणाल्या, "बांधा मग."

आणि बाहेर पडवीत हेतल खांबाला टेकून उभी.

का कोण जाणे, मी ब्लाउजमधून जेलची ट्यूब काढली आणि परातीशेजारी ठेवली. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी मी हे लावून चाखलं होतं. तोंड बधिर होतं माझं. मीठ मीच घालायला लावलं. पोरीने नक्की का म्हणून विचारलं, तर मी तिच्या अंगावर गेले."

मावशींनी ट्यूब उचलली, बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अगं बाई, माझी जीब गेली कुठे?" आणि जिजा अशी हसली की परातीवर पडायची राहिली. सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एक महिना ती पोरगी दारात उभी होती, वर्षा." त्यापेक्षा थोबाडीत मारलं असतं तरी चाललं असतं.

मग हाक मारली त्यांनीच. "हेतल, आत ये गं. तू पण चाख."

हेतल आली. चिमूट घेतली, डोळे मिटले. मी बघत होते तिच्या तोंडाकडे. ती म्हणणार बरोबर, मला माहीत होतं, ती कधी माझ्याविरुद्ध बोलत नाही. तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भाभी, मीठ कमी आहे."

सगळ्यांच्या देखत. माझ्या जागेवर. अंगाला अशी आग लागली की काय सांगू! माझी जीभ साफ, माझं मीठ, आणि ही काल आलेली बया मला कमी सांगते!

मी परत चिमूट घेतली. या वेळी घाई केली नाही, जिभेवर विरघळू दिली. मिरची गेली, लसूण गेला, शेवटी जे राहायला हवं ते राहिलं नाही. कमी होतं. जानेवारीच्या भीतीने मी हात आखडला होता. एवढ्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नाही म्हटलं असतं तर माझंच चाललं असतं, मावशी काही म्हणाल्या तरी मीठ सांगणारी मीच.

"घाल," मी म्हटलं.

तिने घातलं. चिमूट घेऊन माझ्याकडे केली. मी तिला म्हटलं, आधी तू. तिने चाखलं, मग मी. दोघींनी एकदमच "बरोबर" म्हटलं, आणि मला तेही आवडलं नाही.

१३ फेब्रुवारी

उठल्या उठल्या टॉर्च घेऊन आरशासमोर. जीभ, जिभेखाली, दोन्ही गाल, ओठ वर करून, खाली करून. काल एवढी जळले, झोप पण धड नाही. मला वाटलं चार तरी असतील.

काही नाही. परत बघितलं. काही नाही.

हेतल अंगणातून हाका मारतेय, "भाभी, चला ने, बोंबील आले." दहा दिवस उन्हात आहे बाई. काळी होईल म्हणून सासूबाई घाबरल्या होत्या. काळी कसली, तांब्यासारखी झालीय, आधीपेक्षा छान दिसते. देवाने काही जणींना दिलंय ते दिलंयच. पायऱ्या मात्र आता हात न टेकता उतरते.

शर्ट खुंटीला तसाच आहे. उमेश म्हणतो, मला परत दे आता, सभेला घालायला. घेऊ दे. जाताना अबोली साडी काढून ठेवते बाहेर, उद्या बोर्डीला नेसायला.